अवनेरचा मलिदा

"चष्म्यातला नको, मिल्काताई. युनिफॉर्ममधला द्या. त्यात तो कसा एकदम सोल्जर दिसतो."

गुरुदत्तकाका बेसमेंटच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून बोलत होते. घर त्यांचं, जिनाही त्यांचाच. पण भाडेकरूच्या खोलीत बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही हा त्यांचा बाणा, त्यामुळे मिल्का पेझारकर कॅनडात, व्हिटबीला राहायला आल्यापासून ते सगळा कारभार त्या पायरीवरूनच उरकत आले होते. हीटरची तक्रार तिथूनच ऐकायची, मराठी मंडळाच्या दिवाळीचं आमंत्रण तिथूनच द्यायचं. मिल्काचा मुलगा अवनेर गेल्याचं कळलं तेव्हा ते रडलेही तिथेच उभे राहून.

मिल्का नर्सिंग होममधली सकाळची पाळी संपवून नुकती परतली होती. पहाटेपासून कॅनेडियन म्हाताऱ्यांना आंघोळी घालून तिचे खांदे भरून आले होते. खुर्चीत बसून ती बुटाचे बंद सोडत होती.

"फोटो कशाला पाहिजे?"

"कशाला म्हणजे? रिमेंबरन्स डे! मंडळाचा ह्या वर्षीचा कार्यक्रम आपण अवनेरला डेडिकेट करतोय. फोटो मोठा एन्लार्ज करायचा, हार मी स्वतः ब्रॅम्प्टनहून आणणार, खऱ्या फुलांचा. आपल्या मंडळातला पहिला हुतात्मा आहे तो. ही काही स्मॉल थिंग नाही."

"कधी आहे?"

"येत्या शनिवारी. हॉल शनिवारीच मिळाला."

"शनिवारी मी येत नाही, काका."

"आय नो, आय नो. पण एका दिवसासाठी अ‍ॅडजस्ट नाही का होणार?"

मिल्का पुन्हा बुटाकडे वळली. तिच्या सासरचे मूळचे कोकणातल्या पेझारीचे. तिथे तिच्या आजेसासऱ्यांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद म्हणजे बंद. म्हणून ह्या लोकांना गाव शनिवार तेली म्हणायचं, आणि शनिवारी तेल मागायला कुणी दारात उभं राहत नसे. व्हिटबीतल्या मराठी मंडळींना मात्र हे दरवर्षी नव्याने सांगावं लागे. पहिल्याच दिवाळीला तिला कुणीतरी विचारलं होतं, "पेझारकर म्हणजे कोण तुम्ही?" शनिवार पाळणारे ज्यू, असं म्हटल्यावर समोरची बाई खळखळून हसली होती. तिला वाटलं, मिल्का थट्टा करतेय. तिकडे सिनेगॉगमध्येही तेच, फक्त उलट्या बाजूने. तिथल्या एका गोऱ्या आजोबांनी अगदी प्रेमाने चौकशी केली होती, की तुमच्या कुटुंबाने धर्म कधी बदलला? पूर्वजांचं गलबत फुटलं, वाचले ते कोकणच्या किनाऱ्याला लागले, हे आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेलं सगळं सांगता सांगता मिल्काच्या तोंडाला फेस आला. आजोबा "हाऊ इंटरेस्टिंग" म्हणाले आणि कॉफी आणायला गेले.

अवनेरला ह्या दोन्ही दारांचा कंटाळा आला होता. ठाण्याहून आला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. कॉलेज केलं, गोदामात खोकी उचलली. गणपतीत मंडळाच्या खुर्च्या मांडायला आणि गुंडाळायला त्याला हक्काने बोलवायचे. आरतीच्या वेळी मात्र "तू बसलास तरी चालेल हं, यू डोन्ट हॅव टू" असं सांगायचे. एक दिवस तो येऊन म्हणाला, "आई, मी आर्मीत जातोय. तिथे कोण आहेस म्हणून विचारलं की एका शब्दात सांगता येतं." तेव्हा ह्याच पायरीवरून काका म्हणाले होते, "अरे, आपल्यातली मुलं वॉटर्लूला शिकायला जातात, किचनरला जॉब घेतात, कोडिंग करतात. आर्मी कसली? आपल्यात कुणी जातं का?" तेव्हा तो आपल्यात नव्हता. आता हुतात्मा म्हणून आपल्यात आला.

"मलिद्याचं सांगितलंत का हो तिला?" वरून सुनंदाकाकूंचा आवाज आला आणि पाठोपाठ त्या स्वतःच खाली आल्या. काकूंना पायरीबियरीचं बंधन नव्हतं. त्या सरळ येऊन मिल्काच्या पलंगावर बसल्या.

"मिल्का, अगं, ते कॅप्टन रॉस आहेत ना, तुझ्याकडे आले होते ते पाद्रीबाबा, त्यांचं भाषण ऐकलं मी. कुणीतरी व्हिडिओ पाठवला. कुठल्याशा चर्चमध्ये बोललेत. तुझं नाव नाही घेतलं, पण अ मदर फ्रॉम इंडिया म्हणाले. तू त्यांना मलिदा दिलास ती गोष्ट सांगितली. मी तर इतकी रडले! ह्यांनी लगेच ईमेल केला, आणि चीफ गेस्ट म्हणून यायला हो म्हणालेत ते. गोष्ट ते सांगतील, आणि त्याच वेळी आपण सगळ्यांच्या हातात मलिदा द्यायचा. प्रसाद म्हणून."

बुटाचा बंद मिल्काच्या बोटांत तसाच राहिला.

"नको, काकू."

"अगं, तुला काही करायचं नाहीये. मीच करणार. आमच्याकडे मलिदा पोळीचा करतात, तुमचा पोह्यांचा ना? बघितलं मी यूट्यूबवर. नारळ, साखर, वेलची. सोपा आहे."

"मलिदा करू नका. बाकी काय करायचं ते करा."

"संकोच कसला करतेस? आपलंच मंडळ आहे."

मिल्काने पुन्हा "नको" म्हटलं, पण का नको ते तिच्या तोंडून निघेना. काकू तिच्या पाठीवरून हात फिरवून वर गेल्या. काकाही गेले, जाताना फोटो व्हॉट्सअ‍ॅप करायला सांगून. वर दोघांचं बोलणं चालू झालं आणि बदाम किती लागतील याची चर्चा खाली स्पष्ट ऐकू येऊ लागली.

का नको, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ठाण्याच्या दिराला नाही, सिनेगॉगमधल्या धर्मगुरूला, राबायला नाही. सगळ्यांना गोष्टीचा अर्धाच भाग ठाऊक होता, आणि तो अर्धा भाग फार गोड होता.

अवनेर भरती झाला तेव्हा मिल्काने प्रेषित एलियाहू हन्नाबीला नवस केला होता. तिच्या घरात लग्न असो, परीक्षा असो, परदेशचा प्रवास असो, नवस ह्या एकाच दारात बोलायचा. मुलगा प्रशिक्षण पुरं करून सुखरूप घरी आला की मलिदा करीन. मलिदा म्हणजे काही नुसता गोड पदार्थ नव्हे. भिजवलेल्या पोह्यांत नारळ नि साखर घालून वर फळं मांडायची, प्रार्थना म्हणायची, म्हणजे देवाला सांगायचं की तू दिलंस, पोचलं, तुझे उपकार झाले. दुःखात कुणी मलिदा करत नाही.

सासूबाई सांगायच्या, माणूस उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय नवस फेडायला घेऊ नये गो. पण त्या आठवड्यात मिल्काला गुरुवारची सुट्टी मिळाली होती. बुधवारी अवनेरचा अल्बर्टाहून फोन आला. "उद्या एक शेवटचा सराव, आई, मग रविवारी घरी. संपलंच समज." संपलंच समज, म्हणाला. मिल्काने समजलं. पुढे शुक्रवारची पाळी, शनिवारी तर काही करायचं नाही, रविवारी पोरगा दारात. मग करणार कधी? गुरुवारी दुपारी तिने पोहे भिजवले, नारळ खवला, गुलाबाच्या पाकळ्या महाग मिळाल्या तरी आणल्या. ठाण्याहून दिराने व्हिडिओ कॉलवर प्रार्थना म्हटली. मिल्काने डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले, आणि मनापासून, अगदी पोटातून म्हणाली, देवा, तुझे उपकार.

तिकडे सरावाच्या मैदानावर चिलखती गाडी उलटून काही तास झाले होते. अवनेर तिच्याखाली होता.

संध्याकाळी दारावर थाप पडली. दारात गणवेशातले दोघे उभे. मिल्काला आधी त्यांच्या पाठीमागची गाडी दिसली आणि ती हसायलाच लागली. तिला वाटलं, कार्ट्याने सरप्राइज द्यायचं ठरवलंय, साहेबांना पुढे करून स्वतः गाडीत लपून बसलाय. तिने वाकून गाडीत पाहिलंसुद्धा. गाडी रिकामी होती. मग तिला वाटलं, साहेब लोक भेटायला आलेत, पास झाल्याचं सांगायला. त्यांतला पिकल्या केसांचा, कॉलरवर क्रूस असलेला म्हणाला, "मिसेस पेझारकर, प्लीज सिट डाउन." मिल्का कसली बसते! मुलाच्या कामाची माणसं पहिल्यांदा घरी आलेली, त्यांना कोरड्या तोंडाने बोलू देणार होती का ती? "फर्स्ट स्वीट, देन टॉक," असं म्हणत तिने दोघांच्या हातात वाट्या दिल्या. तरुण होता त्याने वाटी नुसती धरून ठेवली. तिला वाटलं, लाजतोय. पाद्री मात्र खात होता. तिने वाटी संपेपर्यंत समोर उभं राहून कौतुकाने पाहिलं. त्याने शेवटचा घास गिळला, वाटी टेबलावर ठेवली, आणि सांगितलं.

लोकांना वाटायचं, मिल्काचं दुःख म्हणजे मुलगा गेला हे. ते तर होतंच, त्याला का कुणी नाही म्हणतंय! पण त्याच्याखाली दुसरं एक होतं आणि ते तिला आतून कुरतडत होतं. मुलगा मेला त्या दिवशी तिने देवाचे आभार मानले होते. साग्रसंगीत, फळं मांडून, पाकळ्या पसरून. आणि मुलाचं मरण खिशात घालून आलेल्या माणसाने तो प्रसाद चवीने खाऊन त्यावर शिक्का मारला होता. त्या दिवसापासून तिचं देवाशी बोलणं बंद होतं. ठाण्याच्या हॉस्पिटलात असताना ती शनिवारीही ड्युटी करायची. इथे आल्यावर शनिवारी विस्तव पेटवायचा नाही, एवढंच पाळायची. अवनेर गेल्यापासून मात्र शनिवार तिने घट्ट धरला. बोलणं नाही, पण वार पाळायचा. घरोघरी असे संसार असतातच की.

शनिवारी सकाळी जिन्यावरून वास खाली आला. ओला नारळ, वेलची. मिल्काने पांघरूण डोक्यावर ओढलं. वर पातेल्यांचा, डब्यांचा आवाज, काकूंची घाई, "अहो, द्रोण घेतले का? ते इंडियन ग्रोसरीतले, डिकीत आहेत का बघा." मग गाडी सुरू झाल्याचा आवाज. मग घर अगदी चिडीचूप झालं.

तिने पांघरूण दूर केलं. थोडा वेळ ती पलंगावर पाय खाली सोडून बसली. मग उठून कोट चढवला. शनिवारी ती गाडीत बसत नसे, पण चालायला बंदी नव्हती.

हॉल चांगला तासाभराच्या वाटेवर होता. तळ्याकडून बोचरा वारा येत होता. फुटपाथवर रात्रीच्या बर्फाचा चिखल झाला होता, आणि व्हिटबीत गाडीशिवाय चालणारी माणसं म्हणजे एक तर कुत्रा फिरवणारी नाहीतर डोकं फिरलेली. त्यामुळे शेजारून जाणाऱ्या गाड्या तिच्यापाशी जरा हळू होत. चालता चालता ती काय बोलायचं ते ठरवत होती. मराठीत ठरवलं, इंग्रजीत ठरवलं. दोन्हीकडे वाक्य "मी आभार मानले" ह्या शब्दांपाशी येऊन अडायचं. शेवटी तिने ठरवणं सोडून दिलं.

हॉल भरला होता. समोर अवनेरचा भलामोठा फोटो, त्याला हार, कपाळावर कुणीतरी हौसेने कुंकवाचा टिळा ओढलेला, पुढे समई. ती तेवत होती आणि शनिवार होता. मिल्काला एकदम हसूच आलं. लोकांच्या हातांत द्रोण होते आणि मंचावर कॅप्टन रॉस बोलत होते. त्यांच्यासमोरच्या मेजावरही एक द्रोण होता.

"अशी दारं मी पुष्कळ ठोठावली आहेत," कॅप्टन त्यांच्या भारदस्त इंग्रजीत, अवनेरला आबनेर म्हणत, सांगत होते. "लोक किंचाळतात, दार लावून घेतात. एकाच आईने माझ्या हातात गोड घास ठेवला. त्या क्षणी मला कळलं की हे पवित्र आहे. त्यातला एकही कण वाया घालवायचा नाही. आबनेरची आई मला क्षमा करत होती, तिला स्वतःला माहीत नसताना."

पुढच्या रांगेतली एक बाई डोळे टिपत होती आणि डोळे टिपता टिपता चमच्याने मलिदा खात होती.

मिल्का दाराजवळच्या टेबलापाशी गेली. तिथे काकूंचं मोठं स्टीलचं पातेलं होतं, तळाशी थोडा मलिदा उरलेला. तिने ते उचलून कमरेवर घेतलं आणि शेवटच्या रांगेतल्या पहिल्या माणसापुढे जाऊन उभी राहिली.

"द्या इकडे."

त्याला वाटलं, ही आणखी वाढायला आलीय. "नको, नको, आय अ‍ॅम गुड," तो म्हणाला. मिल्काने त्याच्या हातातला द्रोण घेतला, पातेल्यात पालथा केला आणि रिकामा द्रोण त्याच्या हातात परत दिला. मग शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. लोक आधी बावचळले, मग कुणीतरी "ती आई आहे, आई" असं कुजबुजलं, आणि मग कुणी विचारायच्या फंदात पडेना. ती समोर आली की द्रोण आपोआप पुढे येई. काहींनी लाजून तोंडातला घास घाईघाईने गिळला. एक आजोबा म्हणाले, "माझं संपलं हो, ताई." ती पुढे गेली. मंचावरचं भाषण थांबलं होतं.

"मिल्का, अगं, काय चाललंय? काय झालं?" काकू धावत आल्या. मागून काका. "मिल्काताई, गेस्ट आलेत, प्लीज. नंतर बोलू या का?"

"मलिदा आनंदाला करतात, काकू," मिल्का म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्याहून बराच साधा निघाला. "तो मेला त्या दिवशी मी मलिदा केला होता. देवाचे आभार मानले. माझा मुलगा गाडीखाली पडला होता आणि मी इथे आभार मानले. ते मला परत घ्यायचेत. आणि तुम्ही आता सगळ्या गावाला ते मानायला लावताय."

काकूंचा हात तोंडावर गेला. गुरुदत्तकाका तिथेच एका रिकाम्या खुर्चीवर बसले.

"मी घेऊ का पातेलं?" काकूंनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"नको. माझं मला होईल."

तिने उरलेल्या रांगा पुऱ्या केल्या. घाई केली नाही. नर्सिंग होममध्ये जेवणानंतरची ताटं गोळा करायची तिला सवय होती. हात आपसूक चालत होते. पातेलं जड होत गेलं. डोळे टिपणाऱ्या बाईने आपला द्रोण दोन्ही हातांनी पुढे केला आणि "सॉरी" म्हणाली. मिल्काने मान हलवली.

शेवटी ती मंचापाशी आली. कॅप्टन रॉस पायऱ्या उतरून खाली आले होते. जवळून ते थकलेले दिसत होते. फोटोतला मुलगा त्यांनी जिवंतपणी कधी पाहिला नव्हता; त्यांच्या वाट्याला तो मेल्यावरच आला होता. त्यांच्या हातात द्रोण होता. पाठीमागे काय बोलणं झालं त्यातलं मराठी त्यांना कळलं नसणार, पण हातातून काय काढून घेतलं जातंय ते कळायला भाषा लागत नव्हती.

"मिसेस पेझारकर," ते हळू आवाजात म्हणाले, फक्त तिला ऐकू जाईल असं, "मला भूक लागली होती. सकाळपासून गाडीत होतो. खाताना मनात दुसरं काही नव्हतं. बाकीचं सगळं मी नंतर जुळवलं."

मिल्काने त्यांच्याकडे पाहिलं. एवढंच होतं. ना शिक्का, ना क्षमा, ना देव. एक भुकेलेला माणूस तिच्या घरी आला होता आणि त्याने खाल्लं होतं. हे इतकं साधं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि त्याने तिला बरं वाटलं असंही नाही.

तिने हात पुढे केला. कॅप्टनने द्रोण दिला. तो रिकामा होता. बोटांनी पुसून खाल्ल्यासारखा लख्ख.

"आजसुद्धा?" मिल्का म्हणाली.

कॅप्टनने खाली पाहिलं. मिल्काने पातेलं कमरेवर नीट सावरलं, आणि बाकीचे केले होते तसाच तो द्रोणही त्यावर पालथा केला. पडण्यासारखं काही नव्हतं. तरी तिने तो थोडा वेळ तसाच धरून ठेवला.